पुठ्ठ्याचं स्टेशन

मराठी विभागासाठी काहीतरी लिही असं संपादक मंडळाने सांगितलं, तेव्हा मी आधी मागे वळून बघितलं की नक्की कुणाला सांगतायत! बालवाडीपासून दहावीपर्यंत मी कॉन्व्हेंटमध्ये. तिथे मराठी म्हणजे आठवड्यातले ठरावीक तास, आणि ग्राउंडवर मराठीत बोललं की फाईन. अजूनही कुणी 'एकोणसत्तर' म्हटलं की साठातलं की सत्तरातलं, यासाठी मला क्षणभर थांबावं लागतं. त्यामुळे शुद्धलेखनाच्या बाबतीत तपासणाऱ्या सरांनी आणि तुम्ही वाचकांनी सांभाळून घ्यावं ही विनंती. पण हा विषय मला इंग्रजीत लिहिता आलाच नसता. कारण यातलं निम्मं गणित मराठीत होतं. कसं, ते पुढे येईलच.

लेडीज हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर मला 'भंगारवाली' म्हणतात. कुणाचं ऑनलाईन पार्सल आलं की आतली वस्तू तिची आणि खोका माझा, असा आमच्या विंगमध्ये अलिखित करार आहे. चपलांचे खोके, कॉर्नफ्लेक्सचे डबे, जुन्या जर्नलची कव्हरं, ताईच्या लग्नातल्या उरलेल्या पत्रिका (या फार उत्तम, जाड आणि ताठ!) हे सगळं माझ्या कॉटखाली असतं. रूममेटने पहिल्या वर्षी तक्रार केली, दुसऱ्या वर्षी सोडून दिली आणि आता तिसऱ्या वर्षी ती स्वतःच खोके आणून देते. रेक्टर मॅडमनी एकदा रूम तपासताना विचारलं, "हे काय आहे?" मी म्हटलं, "मॅडम, स्टेशन." त्यांनी वहीत काय लिहिलं ते मला माहीत नाही.

तर मला मॉडेल रेल्वेचं वेड आहे. पाचवीत असताना आम्ही पुण्याला कोथरूडमधलं जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम बघायला गेलो होतो. भाऊ जोशींनी उभं केलेलं आणि १९९८ साली लोकांसाठी खुलं झालेलं. बाकी मुलं गाड्या बघत होती. मी बघत होते घरं. गाडी दोन मिनिटांत फिरून परत येते, पण त्या गाडीला 'कुठून तरी कुठे तरी' जाण्याचं कारण देतात त्या इमारती, असं मला तेव्हा वाटलं (अर्थात इतक्या शब्दांत नाही). पुढे सिव्हिलला ॲडमिशन घेतली, त्याचं खरं कारण हेच. ॲडमिशनच्या वेळी मी 'राष्ट्र उभारणी' वगैरे सांगितलं होतं.

आता मुद्द्यावर येते. रेल्वेचं मॉडेल करताना इमारती थेट बांधायच्या नसतात. आधी पुठ्ठ्याचे डमी करायचे. खिडक्या नाहीत, रंग नाही, कौलं नाहीत. नुसता लांबी, रुंदी, उंचीचा खोका आणि वर छपराचा उतार. तो बोर्डावर ठेवायचा आणि आठवडाभर तसाच राहू द्यायचा. जाता-येता बघायचं, सरकवायचं, फिरवायचं. पटलं तर मग खरी इमारत बांधायची. नाही पटलं तर खोका कचऱ्यात आणि आपण फक्त पंधरा मिनिटं आणि दोन रुपयांचा मास्किंग टेप गमावलेला!

"मग कॅड कशाला शिकलीस?" हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. विशेषतः कॉम्प्युटरवाले. कॅडमध्ये सगळं छान दिसतं, हीच त्याची अडचण आहे. स्क्रीनवर झूम करता येतं, त्यामुळे लहान जागा मोठी वाटायला लागते. पण बोर्डावर डबा रुळावरून घसरला, तर तो उचलायला माझा हात त्या शेडच्या मागे जाणार आहे की नाही, हे स्क्रीन सांगत नाही. पुठ्ठा सांगतो. हात घातला की खोका पडतो!

दुसरं म्हणजे वळण. माझ्याकडचे रूळ २२८ मिमी त्रिज्येचे. १५० मिमी लांबीचा बोगीवाला डबा त्यावरून गेला की त्याचं पोट वळणाच्या आत येतं आणि दोन्ही टोकं बाहेर जातात. बोग्यांच्या केंद्रांमधलं अंतर १०० मिमी धरलं, तर आत येणं म्हणजे अंतराचा वर्ग भागिले आठ त्रिज्या, सुमारे ५.५ मिमी. टोकं जातात जवळजवळ ७ मिमी बाहेर. सर्व्हेइंगच्या पेपरमध्ये हे सूत्र आपण सगळ्यांनी लिहिलेलं आहे, पण ते खरं आहे हे मला पुठ्ठ्याचा डबा करून, त्याला मधोमध आणि टोकाला पेन्सिली चिकटवून, रुळांवरून ओढल्यावर 'दिसलं'. पेन्सिलींनी बोर्डावर ज्या रेषा काढल्या, त्यांच्या आत प्लॅटफॉर्म नको, भिंत नको, खांब नको. एवढं सोपं आहे.

तिसरी गोष्ट तर मला फारच आवडते. पार्सलचा साधा थ्री-प्लाय खोका जवळपास ३ मिमी जाड असतो. एच-ओ स्केल म्हणजे १:८७. नऊ इंची विटेच्या भिंतीची जाडी या स्केलला होते २.६ मिमी. म्हणजे कुरिअरवाला दारात जे ठेवून जातो ती जवळजवळ नऊ इंची भिंतच असते! फक्त दोन पथ्यं पाळायची. आतल्या पन्हळी उभ्या ठेवायच्या, आडव्या ठेवल्या तर भिंत वाकते. आणि फेव्हिकॉल वापरायचा नाही. फेव्हिकॉलने जोडलेलं मोडायला जीव होत नाही. मास्किंग टेप मात्र केव्हाही सोडवता येतो. काहीजण पुठ्ठ्याचा वरचा कागद भिजवून सोलतात आणि आतल्या पन्हळींना पत्रे म्हणतात. लांबून बरं दिसतं. पण खऱ्या पत्र्याच्या पन्हळी ७६ मिमीवर असतात, म्हणजे आपल्या स्केलला १ मिमीपेक्षाही कमी. खोक्याच्या पन्हळी त्यापुढे नांगरटीसारख्या दिसतात. डमीला काय, कसंही चालतं.

एवढं प्रास्ताविक झालं. आता मी कुठलं स्टेशन बांधतेय ते सांगते.

आमचं गाव कुर्डुवाडी. माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणतो, 'बार्शी लाईट'वर असिस्टंट स्टेशन मास्तर होते. या पानांवर मेकॅनिकलवाले कायम जर्मन एंजिनांचं कौतुक लिहितात, म्हणून जरा सविस्तर सांगते. बार्शी लाईट रेल्वे हे एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या ब्रिटिश एंजिनिअरचं काम. १८९७ साली पहिला टप्पा सुरू झाला. रुळांमधलं अंतर फक्त २ फूट ६ इंच. कॅलथ्रॉपने ठरवलं होतं की एकाही चाकजोडीवर ५ टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, म्हणजे हलके रूळ पुरतात आणि खर्च वाचतो. एंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीकडून आली, तीही हा भार सांभाळून बनवलेली. पुढे ही लाईन पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली, १९२७ पर्यंत सव्वातीनशे किलोमीटर झाली. १९५४ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. हाच कॅलथ्रॉप नंतर विमानातून उडी मारण्यासाठी पॅराशूट बनवायला लागला आणि त्याचं नाव त्याने ठेवलं 'गार्डियन एंजल'. म्हणजे आधी जमिनीवर वजन कमी, मग हवेत! आपल्या सिलॅबसमध्ये हा माणूस नाही, याचं मला वाईट वाटतं.

२००८ साली आमच्याकडे ब्रॉडगेज आली. मी तेव्हा तीन वर्षांची. ब्रॉडगेज आली हे चांगलंच झालं, त्याशिवाय लातूरची माणसं थेट मुंबईला कशी गेली असती? पण त्यात कुर्डुवाडी आणि बार्शीच्या मधलं आबांचं छोटं स्टेशन गेलं. इमारत पाडली, क्वार्टर पाडलं. आमच्या घरात त्या स्टेशनचा एकच फोटो आहे, आणि त्यात आत्या आणि तिची मैत्रीण दोघी अशा काही उभ्या आहेत की स्टेशनचा फक्त एक कोपरा दिसतो. नकाशा नाही, मोजमाप नाही. जे काही आहे ते आबांच्या डोक्यात. आबा आता ऐंशीच्या पुढे आहेत.

म्हणून डिपार्टमेंटच्या प्रदर्शनासाठी मॉडेल करायचं ठरलं तेव्हा मी तेच स्टेशन घेतलं. नॅरोगेजचा एक फायदा असतो. आपल्या ब्रॉडगेजचे १६७६ मिमी एच-ओ स्केलला १९ मिमीच्या थोडं वर होतात, पण बाजारात एच-ओचे रूळ मिळतात १६.५ मिमीचे, कारण ते परदेशातल्या स्टँडर्ड गेजवरून केलेले. त्यामुळे ब्रॉडगेजवाल्यांना पावणेतीन मिलिमीटरचं दुःख गिळावं लागतं. बार्शी लाईटचे ७६२ मिमी भागिले ८७ म्हणजे ८.७६. आणि त्याहून लहान अशा एन स्केलचे रूळ असतात बरोबर ९ मिमीचे. फरक पाव मिलिमीटर! जणू आमच्यासाठीच केलेत.

दिवाळीच्या आधी मी फोनवरून आबांकडून मापं घ्यायला सुरुवात केली. ते सगळं फुटात नाहीतर पावलात सांगायचे. "तिकीटघर चाळीस फूट लांब, अठरा फूट रुंद, भिंत बारा फूट." मी म्हटलं, "थांबा आबा, मिलिमीटर करते," आणि फोनवरचा कॅलक्युलेटर उघडायला लागले. एच-ओ स्केलला १ फूट म्हणजे साडेतीन मिलिमीटर, हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं. तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "एकशे चाळीस, त्रेसष्ट, बेचाळीस."

"आबा, एवढ्या पटकन कसं केलं?"

"अगं, औटकी! बारा औटं बेचाळीस."

औट म्हणजे साडेतीन. आबांच्या लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत. आबांना ते वडिलांनी पहाटे उठवून म्हणायला लावलेले. आयुष्यभर औटकीचा उपयोग काय झाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "काही न्हाई. आत्ताच झाला!" त्या दिवसापासून आमचं सगळं स्टेशन औटकीतच चाललंय. माल शेड साठ फूट बाय चोवीस, म्हणजे २१० बाय ८४. क्वार्टर चोवीस बाय वीस, म्हणजे ८४ बाय ७०. माझी टोपी या पाढ्यांपुढे खाली. (कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला ट्वेल्व्ह ट्वेल्व्हजापर्यंतच होतं.)

मी आधी कॅडमध्ये थ्री-डी काढलं. चांगली रेंडर वगैरे केली, संध्याकाळचं ऊन टाकलं, आणि दिवाळीला घरी गेल्यावर लॅपटॉप आबांसमोर ठेवला. आबांनी चष्मा लावून बघितलं. "छान आहे," म्हणाले आणि पुन्हा पेपर उघडला. संपलं!

दुसऱ्या दिवशी मी बॅगेतून घडी घालून नेलेले पुठ्ठे काढले. आमच्या हॉलमधली फरशी २ फूट बाय २ फुटांची आहे आणि माझा बोर्ड ४ फूट बाय २ फूट, म्हणजे दोन फरश्या. पण आधी बोर्डाचा विचारच करायचा नाही, खऱ्या अंतराने सगळं मांडायचं, असं मी ठरवलं होतं. रुळांच्या जागी शिवणकामाच्या डब्यातली टेप लांब पसरली. तिकीटघर लग्नपत्रिकांचं, शेड चपलांच्या खोक्याची, क्वार्टर सोनपापडीच्या डब्याचं. पाण्याची टाकी म्हणजे औषधाचं खोकं. कडुनिंबाच्या जागी बाटलीचं बूच.

आबांना गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही. ते खुर्चीत बसून बघत होते. पाच मिनिटांनी त्यांची काठी पुढे आली आणि तिने तिकीटघर मागे ढकललं.

"हितं नव्हतं. मधून हातगाडी जायची की. एवढ्या जागेतनं माणूस तरी जाईल का?"

लॅपटॉपला 'छान आहे' म्हणणारे हेच आबा! मला वाटतं, नीटनेटक्या चित्राला नावं ठेवायला माणूस बिचकतो. कुणीतरी एवढी मेहनत घेतलीय, कशाला उगाच, असं होतं. सोनपापडीच्या डब्याला मात्र कुणीही काठीने ढकलू शकतं. त्यानंतर अर्धा तास ती काठी थांबली नाही.

मग बाबा आले. बाबांचं बालपण त्या क्वार्टरमध्ये गेलेलं. त्यांनी उभ्या-उभ्या बघितलं आणि क्वार्टर उचलून थेट चौथ्या फरशीवर नेऊन ठेवलं. स्टेशनपासून ९० सेंटिमीटर. म्हणजे अडीचशे फुटांच्या वर.

"एवढं लांब?" मी विचारलं.

"लांबच होतं. दुपारी आबांचा डबा घेऊन मलाच जायला लागायचं. पाय भाजायचे."

"साठ पावलं होती," आबा म्हणाले. "मी रोज चालत हुतो. साठ अडीच दीडशे. दीडशे फूट." औटकी लावली की सव्वापाचशे मिलिमीटर. दोघंही मागे हटेनात. मी मधली जागा घेतली नाही. सहा वर्षांच्या मुलाची शंभर पावलं आणि मोठ्या माणसाची साठ ही एकाच रस्त्यावर मावतात, हे मी दोघांनाही सांगून बघितलं. क्वार्टर ५२५ मिलिमीटरवर आलं. बाबा "बरं" म्हणाले, पण चेहऱ्यावरून पटलेलं दिसत नव्हतं.

खरा घोळ माल शेडचा झाला. बाबांच्या मते शेड क्वार्टर आणि प्लॅटफॉर्मच्या मध्ये होती, कारण ते सगळे तिथेच पोत्यांवर खेळायचे. आबांना नक्की आठवेना. ते म्हणाले, असेल. दोन दिवस शेड तिथेच राहिली. आई केर काढताना ती उचलायची आणि पुन्हा तिथेच ठेवायची.

भाऊबीजेला आत्या आली. ओवाळून झालं, फराळ झाला, आणि ती फरशीवर मांडलेलं बघत बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "शेड हितं असती, तर आईला कंदील कसा दिसला असता?"

"कसला कंदील?" आबांनी विचारलं.

आत्या म्हणाली, "तुमचा. रात्रीच्या गाडीचा."

आबांची ड्यूटी रात्रीची गाडी निघून गेली की संपायची. पण ती गाडी कधी वेळेवर यायची, कधी दोन तास उशिरा. आली तरी पाणी घे, वाघिणी जोड, यात अर्धा-अर्धा तास उभी राहायची. शिट्टीवर भरवसा नाही, कारण शंटिंगलाही शिट्टी व्हायचीच. म्हणून आज्जी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहायची. प्लॅटफॉर्मवर आबांनी हिरवा कंदील हलवला, म्हणजे गाडी सुटली. तिथून पुस्तकं लिहून, कुलूप लावून आबा घरी यायला वीस मिनिटं. कंदील हलला की आज्जी चूल पेटवायची आणि भाकरी थापायला घ्यायची. आत्या अभ्यासाला जागी असायची, तिने हे रोज बघितलेलं.

आबा काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला वाटायचं तिनं मघाशीच करून झाकून ठेवली असंल. पण गरम कशी राहते, हे कधी डोक्यातच आलं न्हाई." आज्जी जाऊन आता सात वर्षं झाली.

मला काय करावं ते कळेना, म्हणून मी जे येतं ते केलं. सोनपापडीच्या डब्याला कटरने खिडकी पाडली. जमिनीपासून क्वार्टरचं जोतं दीड फूट आणि आज्जीची नजर पाच फुटांवर धरली, साडेसहा फूट. औटकीने पावणेतेवीस मिलिमीटर. फोन उलटा धरला की कॅमेरा अगदी खाली येतो. त्याखाली एक वही ठेवून कॅमेरा बरोबर त्या उंचीला आणला आणि खिडकीला टेकवून फोटो काढला. फोटोत नुसता तपकिरी पुठ्ठा. चौदा फुटी शेडने सगळं झाकलेलं. मग शेड उचलून रुळांच्या पलीकडे ठेवली आणि परत फोटो काढला. आता तिकीटघराचा कोपरा, प्लॅटफॉर्म, आणि आबांची उभं राहायची जागा म्हणून ठेवलेलं पेनाचं टोपण, सगळं स्पष्ट दिसत होतं.

आबांनी तो फोटो मोठा करून बघितला. मग एकदम म्हणाले, "बरोबर! बैलगाड्या पलीकडच्या रस्त्यानं यायच्या की. शेड तिकडंच हुती."

आणि बाबा कपाळावर हात मारून म्हणाले, "अरे हो! रूळ ओलांडून खेळायला जायचो म्हणून तर मार खायचो!"

इतकी वर्षं बाबांना पोती आठवत होती, मार आठवत होता, पण रूळ मधून गळाले होते. सगळे हसायला लागले. आबाही हसले. त्या रात्री ते जेवायला उशिरा बसले आणि आईने गरम भाकरी वाढली तेव्हा तिच्याकडे बघून "तू पण बस" म्हणाले. आमच्या घरात हे वाक्य नवीन आहे.

आता राहिलं दोन फरश्यांत बसवायचं. खऱ्या अंतराने सगळं ठेवायला मला बोर्ड नाही तर व्हरांडा लागला असता. ४ फुटांचा बोर्ड म्हणजे खरे १०६ मीटर. नुसती लूप लाईनसुद्धा त्यात मावत नाही. अशा वेळी मॉडेलवाले अंतरं आखडून घेतात, काही इमारती गाळतात, आणि जागेची ओळख मात्र राहील असं बघतात. हे ठरवायलासुद्धा डमीच उपयोगी. काढून बघायचं, ठेवून बघायचं. मी आबांना विचारलं, "एक गोष्ट काढायला लागेल. काय काढू?"

मला वाटलं होतं ते क्वार्टर काढायला सांगतील. स्टेशनच्या मॉडेलमध्ये क्वार्टर कशाला, असा साधा हिशोब. काठी पुढे आली आणि तिने शेड बाहेर लोटली.

"ही काढ. मालाचे हिशेब जन्मभर केले. आता पुरे."

मी शेड पूर्ण काढली नाही. बोर्डाच्या मागच्या कडेला तिची फक्त पुढची भिंत आणि इंचभर छप्पर ठेवलं, बाकीची शेड बोर्डाबाहेर आहे असं समजायचं. आबांना ते मंजूर झालं. क्वार्टर आणि प्लॅटफॉर्ममधलं अंतर साठ पावलांवरून चाळीसवर आणलं, ३५० मिलिमीटर. (बाबा म्हणाले, "म्हणजे आता मी काय ग्लासभर पाणी घेऊन जात होतो का?") पण खिडकीतून टोपण दिसलं पाहिजे ही अट ठेवली. बोर्डावर नंतर जे काही येईल, झाड, टाकी, सिग्नलचा खांब, त्या प्रत्येकाची आधी पुठ्ठ्याची डमी आणि खिडकीतून एक फोटो. कडुनिंब दोनदा सरकलाय.

सध्या हे सगळं माझ्या रूममध्ये कॉटखालून बाहेर येऊन टेबलावर आहे. डिपार्टमेंटचे सर बघायला आले होते. त्यांनी मापं तपासली, वळणावरच्या पेन्सिलीच्या रेषा बघून खूश झाले आणि म्हणाले, "आता सनबोर्डमध्ये फायनल करून टाक, लेसर कटिंगला देऊ." मी म्हटलं, "सर, एक महिना." कारण प्रदर्शनाआधी आबा एकदा हॉस्टेलवर येणार आहेत. रेक्टर मॅडमनी व्हिजिटर्स रूममध्ये बोर्ड खाली आणायची परवानगी दिलीय. (त्या वहीतल्या नोंदीचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.) तिकीटघराच्या खिडक्या आत्या तीन सांगते आणि बाबा दोन. टाकीचा चौथरा गोल की चौकोनी यावर आबांनी अजून निकाल दिलेला नाही. एकदा लेसरने कापलं आणि रंग दिला की सगळे 'छान आहे' म्हणतील आणि पुन्हा कुणी काठी पुढे करणार नाही. म्हणून घाई नाही.

आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या घरी असं एखादं ठिकाण असेल. धरणात गेलेलं गाव, पाडलेला वाडा, बंद पडलेली गिरण, रस्तारुंदीत गेलेलं दुकान. त्याचा नकाशा कुणाकडे नसेल, पण तिथे पावलं मोजत चाललेलं माणूस घरात असेल. सुट्टीत घरी जाल तेव्हा दोन-चार रिकामे खोके घेऊन जा. फरशीवर मांडा आणि गप्प बसा. बाकीचं घरचे करतील. औटकी येत नसेल तर कॅलक्युलेटर चालतो.

आणि तोपर्यंत पार्सल आलं की खोका फेकू नका. दुसरा मजला, जिन्यापासून तिसरी रूम. दार उघडं असतं. फक्त आत येताना टेबलाला धक्का लावू नका, रात्रीची गाडी यायचीय.

— तृतीय वर्ष, स्थापत्य